‘तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू’

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकच्या दहा जणी, एकाच कॉलेजात शिकलेल्या, आता ५७ ते ६० वयाच्या. गेली चार वर्षं दर हिवाळ्यात कुठे ना कुठे चालायला जातो. या डिसेंबरात मोठा बेत आखलाय. चार दिवसांचा. पहिल्या दिवशी बारी गावातून कळसूबाई, दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याच्या जलाशयाकडून रतनवाडी आणि रतनगड, तिसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतमार्गे पाचनई, चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड. अडचण आहे ती आमच्यातल्या एका मैत्रिणीची. तिचे गुडघे दुखतात, वजनही वाढलंय. गेल्या जानेवारीत अंजनेरीला गेलो तेव्हा ती फार मागे राहिली. ‘तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू’ असं तीच म्हणाली. ती वर आली तोवर आमची जेवणं उरकली होती, सगळ्यांचा एकत्र फोटो काढून झाला होता, आणि अंधाराच्या आत उतरायचं म्हणून आम्ही निघायच्या तयारीत होतो. तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. या वेळी काही जणींचं म्हणणं पडलं की तिला कळवायलाच नको. तिला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा ग्रुपही केलाय, त्यात मीही आहे. मला ते सारखं टोचतंय. पण चार दिवस तिच्या चालीने चालायचं तर बेतच मोडेल, हेही खरं. तिला ‘येऊ नकोस’ म्हणून सांगू, की गप्प बसू?
– एक मैत्रीण, नाशिक

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं तुमच्या मैत्रिणीचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू.’ पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावर एखादी ‘तुम्ही बसून घ्या, मी मागून बसते’ म्हणते ना, तोच हा आवाज. तिला काय भूक लागलेली नसते? आपल्यामुळे कुणाचं अडू नये एवढीच तिची धडपड असते. डोंगरात हे वाक्य कानावर पडलं की थांबायचं, जवळ जाऊन बसायचं आणि विचारायचं: पाय दुखतोय का, पाणी आहे का, आडोशाला जायचंय का.

मला हे कळलं ते स्वतः चुकल्यावर. वीसेक वर्षं झाली. आम्ही सहा जणी खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या एक बाई आमच्यात होत्या. खिंड ओलांडली की कातळटप्पा लागतो, धरायला लोखंडी कठडे आहेत. तिथे त्या म्हणाल्या, ‘तुम्ही व्हा पुढे.’ आणि आम्ही झालो पुढे. वर देवळाशी पोचून, हातपाय धुऊन, बराच वेळ वाट पाहून मग मी उलटी फिरले. कठड्यांच्या थोडं वर एका दगडावर त्या बसल्या होत्या. एक बूट काढलेला, मोजा नीट घडी करून शेजारी ठेवलेला, अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. पाण्याची बाटली रिकामी. त्यांची दुसरी बाटली माझ्या पिशवीत होती, कारण सकाळी ‘द्या, मी घेते’ म्हणून मीच ती हौसेने मागून घेतली होती. मला पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘इथे वारा किती छान आहे.’ तक्रारीचं एक अक्षर नाही. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी गेले, माझ्या घराच्या वास्तुशांतीला त्या आल्या. पण डोंगराचा विषय निघाला की त्या उठून चहा टाकायला जायच्या.

म्हणून अंजनेरीला काय घडलं असेल ते मला न बघताही दिसतं. घळीतल्या पायऱ्या चढून पुढच्या वर जातात. पठारावर अंजनीमातेच्या देवळाशी टेकतात, पाणी पितात, संत्री सोलतात. मागची येताना दिसली की ‘आली, आली’ म्हणत उठतात आणि पिशव्या पाठीला लावतात. जिला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका तिलाच तो मिळत नाही. ती धापा टाकत पोचते आणि बाकीच्या चालू पडतात. असं दोन-तीनदा झालं की धडधाकट माणसाचेही पाय गळतात. तुमच्या मैत्रिणीच्या मागे पडण्यात गुडघ्यांचा वाटा किती आणि या उठाउठीचा किती, हे तुम्ही नऊ जणींनी एकदा बसून प्रामाणिकपणे आठवून पाहा. आणि त्या फोटोचं म्हणाल, तर ती येईपर्यंत तो थांबला असता. डोंगर कुठे पळून जात नव्हता.

आता तुमचा प्रश्न. गप्प बसू नका. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा फोटो कुणाच्या तरी स्टेटसला लागणारच, आणि ती तो घरी भाजी निवडताना बघणार. चाळीस वर्षांची मैत्री त्या क्षणी संपते, आणि ती संपल्याचं ती तुम्हाला सांगणारही नाही. ‘येऊ नकोस’ असंही म्हणू नका, कारण ते ठरवणं तुमच्या हातातलं नाही. वाट कशी आहे ते तुम्ही तिला खरं खरं सांगायचं, जमेल की नाही ते तिने ठरवायचं. मात्र तिला सांगायला जाण्याआधी तुमचा बेत बदलायला हवा. तो तिच्यासाठी जड आहे असं तुम्ही लिहिता. मला तो तुम्हा दहाही जणींसाठी चुकीचा वाटतो.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. बारीतून तीन-चार तासांची चढण, मधे लोखंडी शिड्या, आणि मग तेवढाच उतार. उतारावर गुडघे बोलायला लागतात. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटं बसलं की जातो. उतरताना सांध्यावर जो मार बसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना कळतो. आणि त्या दुसऱ्या सकाळी तुम्ही रतनगडाच्या शिड्या मांडून ठेवल्या आहेत. तिसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड, म्हणजे दाट झाडीतून पहाटेपासून संध्याकाळपर्यंतची चाल. तिथे जागोजागी ढोरवाटा फुटतात आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्या दिवशी एखादीचा पाय मुरगळला तर मधेच गाडी बोलावण्याची सोय नाही. चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगडावर तुम्ही पोचाल खऱ्या, पण तोवर डोळ्यांत बघायची ताकद उरलेली नसेल. चार दिवसांत तीन नावं खिशात टाकायची म्हणून आखलेला हा बेत आहे.

कळसूबाई या फेरीतून काढून टाका. नाशिकहून बारी जवळ आहे. ज्यांना जायचंय त्यांनी एखाद्या रविवारी पहाटे निघून जाऊन यावं, रात्री घरी परतता येतं.

पहिला दिवस शेंडीला, म्हणजे भंडारदरा धरणाच्या गावात, निवांत काढा. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत आहे. आपण ज्याला तलाव म्हणतो तो त्या भिंतीमागे अडवलेल्या नदीचा आहे, आणि ती नदी जिथून येते तिकडेच तुम्ही दुसऱ्या दिवशी जाणार आहात. संध्याकाळी जलाशयाच्या काठाने तासभर चाला. पाण्यापलीकडे रतनगड दिसतो, त्याचा खुटा, म्हणजे बाजूचा सुळका, ओळखू येतो. दुसऱ्या दिवशी जिथे जायचं ते आदल्या दिवशी लांबून बघून ठेवलं की चालताना मनाला आधार असतो. मी हे नेहमी करते.

दुसऱ्या दिवशी रतनवाडी. रस्ता जलाशयाला वळसे घालत जातो. बोटही असते, पण ती पाण्यावर आणि बोटवाल्यावर अवलंबून, म्हणून आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. रतनवाडीला पोचल्यावर लगेच गडाची वाट धरू नका. तिथल्या अमृतेश्वराच्या देवळापाशी किमान एक तास बसा. बसा म्हणजे खरंच बसा.

हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात. गावातून चालत आलं की झाडांमधून आधी त्याचं शिखर दिसतं. ते भूमिज पद्धतीचं आहे. चारही दिशांना खालपासून वरपर्यंत एकेक कोरीव पट्टा चढत जातो, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, एकीवर एक, वर जाताना लहान होत गेलेल्या. म्हणजे एका शिखराच्या अंगावर त्याचीच कितीतरी पिल्लं. सिन्नरचा गोंदेश्वर तुम्ही पाहिलाच असेल. तोही याच शैलीतला, आणि अंबरनाथचं शिवमंदिरही. अंबरनाथच्या देवळात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्यावरून या शैलीच्या देवळांचं वय ध्यानात येतं. गोंदेश्वर आधी एकदा पुन्हा बघून या आणि मग इथे या. सपाट मैदानातलं ते मोठं देऊळ आणि डोंगराच्या कुशीतलं हे लहान, दोन्हीच्या शिखरांत नातं शोधायला मजा येते. आत खांबांवर नक्षी आहे, छतावर आहे, आणि अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. घाईतल्या माणसाला तिथे नुसता काळोख दिसतो. जवळच पुष्करणी आहे, काठाच्या भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठी केलेले कोनाडे, आहेत. दुपारपर्यंत सूर्य सरकतो तसं एकेक कोष्ठ उजळत जातं.

मला मनापासून वाटतं की तुमच्या मैत्रिणीची चाल हीच या प्रदेशाची योग्य चाल आहे. शिडीला हात लावून परत फिरणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही.

देवळानंतर गट दोन होऊ द्या. वेगवेगळं चालणं आणि मागे टाकणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. कोण कुठे जाणार, कुठे थांबणार, किती वाजता कुठे भेटणार हे सकाळी चहाच्या वेळी ठरलेलं असेल तर वेगळं चालण्यात कुणाचा अपमान नाही. वाटेत दमल्यावर ठरवलं तर मात्र ते मागे टाकणंच होतं, शब्द कितीही गोड वापरले तरी. रतनवाडीतून वाट सुरुवातीला प्रवरेच्या पात्राच्या सोबतीने जाते, पात्र ओलांडते, मग जंगलात शिरते आणि चढायला लागते. वर एके ठिकाणी कात्राबाईकडची वाट फुटते, आणि त्यापुढे गडाच्या शिड्या येतात. ज्यांना शिड्या नकोत त्यांनी नदीकाठच्या त्या जंगलात जमेल तिथवर जावं. पाण्यात पाय सोडून बसावं. तीही पूर्ण दिवसाची सहल आहे. ज्या वर जातील त्या १२९७ मीटरच्या माथ्यावर नेढ्यात जाऊन बसतील, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात. तिथे वारा असा घुसतो की ओढणी हातात धरून ठेवावी लागते. एक मात्र पाळा. वर जाणाऱ्यांत आणि खाली राहणाऱ्यांत प्रत्येकी किमान तीन जणी हव्यात, आणि दोन्हीकडे गावातला एकेक वाटाड्या. खाली राहणारी एकटी पडली तर तो गट दोन झाला असं म्हणता येत नाही.

तिसऱ्या दिवशीचा तुमचा कात्राबाईचा हट्ट मी समजू शकते. ती खिंड सुंदर आहे. दोघी-तिघींच्या पायांत खरंच बळ असेल तर रतनवाडीचा वाटाड्या घेऊन, उजाडताच निघून, त्यांनी तिकडून जावं. बाकीच्या शेंडी, राजूर करत जीपने पाचनईला जातील आणि यायच्या वेळेला गावाबाहेर त्यांना आणायला सामोऱ्या जातील. दहा जणींना घेऊन तो दिवस मी तरी आखला नसता. सांधण दरीचं नाव कुणी काढलं तर तेही या फेरीत घेऊ नका, तिथल्या दगडधोंड्यांत गुडघ्यांचे हाल होतात.

चौथा दिवस पुन्हा सगळ्या एकत्र. पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाच्या सगळ्या वाटांत सोपी. मधे एका ठिकाणी डोक्यावर पुढे आलेल्या कातळाखालून चालावं लागतं, जणू कुणीतरी वर पडवी काढून ठेवलीय. दमलेल्या माणसाने तिथल्या सावलीत बसावं. सकाळी सातला निघालात तर थांबत थांबत गेलं तरी दुपारी जेवायच्या वेळेला देवळाशी पोचता. गावातली मंडळी वर पिठलं-भाकरी करून देतात, आधी निरोप द्या. नागलीची भाकरी मागा.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, त्याच्या बाजूची पुष्करणी आणि थोडं पुढे केदारेश्वराची गुहा, हे तिन्ही एकमेकांजवळ आहे. गुहेत कमरेइतक्या थंडगार पाण्यात मोठी पिंड आहे. तिच्या चार कोपऱ्यांना चार खांब होते, त्यातला एकच आता वरपासून खालपर्यंत शाबूत आहे. लोक त्याला चार युगांची गोष्ट जोडतात. चांगदेवांनी इथे तप केलं असं मानतात, आणि गडावरच्या शिलालेखांत त्यांचं नाव आहे. आपण ज्यांना ज्ञानेश्वरांच्या ‘चांगदेव पासष्टी’मुळे ओळखतो तेच हे चांगदेव, अशी परंपरा. त्या पाण्याच्या काठावर उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो, मी दर वेळी पाहिलंय.

कोकणकड्याचं एक बजावून सांगते. सूर्यास्त बघायचा तर रात्री वर राहायची तयारी करून जा, म्हणजे गावातल्या माणसांकडे तंबूची आणि जेवणाची सोय आधी बोलून ठेवा, आणि डिसेंबरातल्या तिथल्या थंडीला पुरेल एवढं अंगावर घालायला घ्या. त्याच दिवशी उतरायचं असेल तर सूर्यास्ताचा मोह सोडा आणि दुपारीच कडा बघून परत फिरा. अंधारात बॅटरीच्या उजेडात दुखऱ्या गुडघ्याने उतरणं ही शिक्षा आहे, आणि ती शिक्षा तुमच्या मैत्रिणीला तुमच्या फोटोसाठी होऊ नये. कड्याच्या टोकाशी पोटावर झोपून बघा, उभं राहून वाकू नका. इंग्रजांच्या काळात कर्नल साईक्स या अधिकाऱ्याला याच कड्यावरून गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, पण त्याला समोर धुकं आणि पाठीशी ऊन लागतं. डिसेंबरात त्याची आस धरून बसू नका.

बेताचं झालं. आता तिला काय सांगायचं.

सगळ्यात आधी त्या दुसऱ्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडा. पडताना एक ओळ लिहा: ‘तिला वगळून ठरणाऱ्या कुठल्याही बेतात मी नाही.’ त्यावर चर्चा तिथे करू नका. मग तिच्या घरी जा. फोन करू नका, जा. नाशिकमध्येच आहात, रिक्षाने जाता येतं. आणि सांगा, ‘अंजनेरीला आम्ही तुला मागे टाकलं. चुकलं आमचं.’ तिथे थांबा. ‘पण तूच म्हणालीस ना पुढे व्हा म्हणून’ हे जिभेवर येईल, ते गिळा. त्या ग्रुपबद्दलही तुम्हीच सांगा. मला माहीत आहे, हे फार जड जाणार आहे. पण ते तिला कधीतरी कळणार आहेच, आणि तुमच्या तोंडून कळणं आणि दुसऱ्या कुणाकडून कळणं यात फार अंतर आहे. ती रडेल, चिडेल किंवा अगदी शांतपणे ‘ठीक आहे गं’ म्हणेल. ‘ठीक आहे गं’ म्हणाली तर जास्त वेळ बसा.

त्यानंतर वाटेचं सगळं तिच्यासमोर मांडा. कुठे शिड्या, कुठे जीप, कुठे किती तास, शौचाला काय सोय. हे शेवटचं आपण बायका एकमेकींनाही धड सांगत नाही. माझ्या पाहण्यात कितीतरी जणी दिवसभर पाणी कमी पितात, कारण सारखं थांबवायला लाज वाटते. मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि आपण म्हणतो हिला चालवत नाही. गटाने दर तासाला, कुणीही न मागता, आडोसा बघून थांबायचं असा नियमच करा. साठीच्या उंबरठ्यावर याची गरज सगळ्यांनाच असते.

तिने ‘येते’ म्हटलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या, आणि त्यांना चढाबरोबर उताराचंही विचारा. मग सहा आठवडे आठवड्यातून तीनदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढा आणि उतरा, तुम्ही स्वतः तिच्याबरोबर. सुरुवातीला एकदा, मग दोनदा. त्यातून तिला तिचा अंदाज येईल आणि तुम्हाला तिच्या चालीची सवय होईल, जी तुम्हाला अजून नाही. हातात दोन काठ्या द्या, त्याने उतारावर गुडघ्याचा भार बराच हलका होतो. पायाची नखं निघायच्या आधी कापा, बुटाच्या पुढे बोटभर जागा हवी. तिचं सामान थोडं थोडं वाटून घ्या, पण पाणी आणि औषधं तिच्याच पाठीवर राहू द्या.

चालताना वाटाड्याच्या मागोमाग दुसरा नंबर तिचा. पुढच्या माणसाची चाल तिच्यावरून ठरेल, मग बाकीच्यांना आपोआप त्या चालीत यावं लागतं. शेवटी एक जण नेमून ठेवा, तिने कुणाच्याही पुढे जायचं नाही. आणि विसाव्याचं घड्याळ सगळ्यात मागची बसल्यावर सुरू करायचं. ती बसली, पाणी प्यायली, की त्यानंतर दहा मिनिटं. पहिल्या दिवशी पुढच्यांना याचा कंटाळा येईल, पाय वळवळतील. दुसऱ्या दिवशी त्या आजूबाजूला बघायला लागतील.

ती ‘नाही’ म्हणाली तर? मग तो तिचा निर्णय, आणि तो मनापासून मान्य करा. एकदा पुन्हा मात्र विचारा, दोन दिवसांनी. आपल्याकडे पहिला नकार हा बरेचदा समोरच्याला मोकळं करण्यासाठी असतो. दुसऱ्यांदाही नको म्हणाली तर शेंडीच्या मुक्कामापुरतं ये म्हणा. एक रात्र जलाशयाच्या काठी, सकाळी अमृतेश्वर, आणि दुपारी तिला परत नाशिकला पोचवायला एकीने जायचं.

आणि बाकीच्या आठ जणींनी ऐकलंच नाही, त्यांना कळसूबाई, कात्राबाई सगळं हवंच असेल तर? तर त्यांना जाऊ द्या, त्यात पाप नाही. दमदार चालीची आवड असणं हा गुन्हा नव्हे. अट एकच, ते तिला माहीत असलं पाहिजे. ‘आम्ही काही जणी ही अवघड वाट करतोय, आणि जानेवारीत दहा जणी मिळून भंडारदऱ्याला जातोय’ हे सगळ्यांसमोर, जुन्या ग्रुपवर, तारखांसकट लिहा. जानेवारीची तारीख आधी ठरवा आणि डिसेंबरची नंतर.

रतनवाडीचा वाटाड्या आणि पाचनईचं जेवण हे तिच्याशी बोलणं झाल्यावरच पक्कं करा, म्हणजे माणसांचा आकडा बरोबर सांगता येईल. आणि अमृतेश्वरापुढे फोटो काढायच्या आधी सगळ्या आल्यात का, ते मोजून घ्या.